हातकामाची गोडी लावताना

भरतकाम आणि क्रोशाचे विणकाम यांचा प्रसार करण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. सुया, दोरे, लोकर, भरतकामाचे कापड आणि नवशिक्यांसाठीचे संच पुरवणाऱ्या एका छोट्या व्यवसायाने हे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा त्याचे तीन भाग ठरलेले होते. सर्वसामान्य ग्राहकांसमोर प्रात्यक्षिके करायची, किरकोळ दुकानदारांना माल ठेवण्यास राजी करायचे आणि शिक्षकांना हे छंद वर्गात आणण्यासाठी मदत करायची. कागदावर हे भाग स्वतंत्र दिसत असले, तरी प्रत्यक्षात ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांचा क्रम चुकला तर तिन्ही ठिकाणच्या मेहनतीवर पाणी पडते. प्रात्यक्षिक पाहून एखाद्याला हौस वाटली, त्याने घरी जाऊन चार ओळी विणल्या, लोकर संपली आणि जवळपास तशी लोकर कुठेच मिळाली नाही, तर ती हौस आठवडाभरही टिकत नाही. म्हणून मी नेहमी दुकानदारापासून सुरुवात करते, मग ग्राहकांकडे वळते आणि शिक्षकांकडे सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त तयारीने जाते.

दुकानदाराशी बोलताना छंदाचे गोडवे गाऊन काही साधत नाही. हातकामात मन रमते, एकाग्रता वाढते, हे त्यालाही मान्य असते. पण त्याच्यापुढचा प्रश्न फळीवरच्या जागेचा आणि मालात अडकून पडणाऱ्या भांडवलाचा असतो. एका अनुभवी दुकानदारांनी माझ्या हातातली दोऱ्यांची रंगपत्रिका पाहून सरळ विचारले, “ताई, यातले किती रंग खरोखर खपतात आणि उरलेले माझ्याकडे किती दिवस पडून राहणार?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. आज फ्रान्समध्ये असलेल्या म्युलूझ शहरात १७४६ साली सुरू झालेल्या डीएमसी या कंपनीच्या सहापदरी भरतकामाच्या दोऱ्यात आज सुमारे ५०० रंगछटा मिळतात आणि त्याची प्रत्येक लडी ८ मीटरची असते. एवढ्या छटा ठेवायच्या तर एक स्वतंत्र कपाटच लागेल, आणि त्यातल्या कित्येक छटांना वर्षभर कोणी हात लावणार नाही.

त्यामुळे मी दुकानदारापुढे रंगपत्रिका ठेवण्याऐवजी नमुन्यांची आखणी ठेवते. फुली टाक्याची चार-पाच वेगवेगळी नक्षीकामे मी अशी तयार करून घेतली आहेत की ती सगळी त्याच मोजक्या छटांमध्ये भरता येतात. एक नक्षी करून झालेला ग्राहक दुसऱ्या नक्षीसाठी आला, तरी त्याला लागणारा दोरा त्याच कप्प्यात सापडतो आणि दुकानदाराचा माल हलता राहतो. रंग थोडे असले तरी चालतील, पण पांढरा, काळा, लाल आणि पानांचा हिरवा कधीही संपू द्यायचा नाही, एवढी एकच अट मी घालते. रंग कमी दिसल्याने ग्राहक फारसा नाराज होत नाही. अर्धे फूल भरून झाल्यावर तोच हिरवा मिळाला नाही, तर मात्र तो पुन्हा फिरकत नाही.

लोकरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दुकानातील मदतनिसांना समजावून सांगावी लागते. लोकरीच्या गुंडीवरील पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉट नंबर छापलेला असतो, कारण एकाच रंगाची लोकर दोन वेगवेगळ्या वेळी रंगवली की तिच्यात किंचित फरक पडतो. गुंड्या सुट्या असताना तो फरक डोळ्यांना जाणवत नाही; पण विणून झाल्यावर स्वेटरच्या पाठीवर आडवा पट्टा उठून दिसतो. म्हणून एका लॉटच्या गुंड्या एकत्र ठेवाव्यात, ग्राहकाला एखादी गुंडी जास्तच घ्यायला सांगावे आणि न उघडलेली गुंडी परत घेण्याची तयारी दाखवावी, असा माझा आग्रह असतो. परत घेण्याच्या मुद्द्यावर सुरुवातीला बहुतेक जण कां-कूं करतात. परंतु गुंडी परत करायला आलेला ग्राहक हाती घेतलेले काम पुरे करूनच आलेला असतो, आणि रिकाम्या हाताने परत जाणारा असा ग्राहक मी क्वचितच पाहिला आहे.

तयार संच ठेवावेत की सुटा माल, यावर दुकानदारांशी बरीच चर्चा होते. संच हाताळायला सोपा असतो, भेट म्हणून खपतो आणि त्याबद्दल मदतनिसाला फारसे समजावून सांगावे लागत नाही, हे खरे आहे. नवख्या माणसाला पहिली वस्तू पुरी करून देण्याची संचाची ताकद मोठी असते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आकड्यांप्रमाणे रंग भरण्याचे संच. डेट्रॉईटमधील पामर पेंट कंपनीसाठी डॅन रॉबिन्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार केले. कॅनव्हासवर आखलेल्या प्रत्येक खणात एक आकडा आणि त्याच आकड्याची रंगाची छोटी डबी, एवढ्या साध्या युक्तीने कधीही कुंचला न धरलेली असंख्य माणसे चित्र पुरे करू लागली. मला त्या संचांबद्दल आदर वाटतो. तरीही केवळ संचांवर उभा राहिलेला छंद पुढे सरकत नाही, कारण संचातले चित्र संपल्यावर हातात राहिलेल्या कुंचल्याचे काय करायचे, हे संच सांगत नाही. म्हणून मी प्रत्येक संचात एक कागद आवर्जून घालते. त्यावर संचातील सुईचा क्रमांक, कापडाचा प्रकार, दोऱ्याच्या छटांचे क्रमांक आणि याच सामानातून करता येईल अशी दुसरी, थोडी अवघड नक्षी दिलेली असते. दुकानदाराने संच विकला की त्याच्या शेजारच्या फळीवर या कागदावरचा सुटा माल असलाच पाहिजे. तो नसेल, तर त्या दुकानात मी प्रात्यक्षिक ठेवत नाही.

प्रात्यक्षिक हा या कामातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग आहे आणि त्याची परंपराही जुनी आहे. १८५० च्या दशकात सिंगर कंपनीने शिवणयंत्रे विकण्यासाठी आपल्या दालनांत स्त्रियांना यंत्रावर प्रत्यक्ष शिवण करायला बसवले होते, कारण एवढे गुंतागुंतीचे यंत्र आपल्याला चालवता येईल, असा विश्वास लोकांना ते पाहिल्याशिवाय वाटला नसता. आजही अडचण तीच आहे. टेबलाजवळ आलेली बहुतेक माणसे “किती सुंदर आहे” असे म्हणतात आणि त्याला लगेच जोडून “पण आपल्याला नाही बाई जमायचे” हेही म्हणतात. म्हणून टेबलावर मी सर्वांत देखणी वस्तू मांडत नाही. एकच छोटी नक्षी चार अवस्थांत मांडते: कोरे कापड, पहिल्या दोन ओळी, अर्धे काम आणि पुरी झालेली वस्तू. शिवाय एक तुकडा उलटा ठेवते. मागची बाजू, तिथले दोऱ्यांचे आडवे प्रवास आणि दडवलेली टोके पाहिली की बघणाऱ्याला ही वस्तू माणसाच्या हातची आहे आणि ती अशा क्रमाने तयार होते, हे आपोआप कळते.

क्रोशाचे प्रात्यक्षिक मी ५ मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची फिकट रंगाची लोकर घेऊन करते. गडद लोकरीत टाक्यांची तोंडे दिसत नाहीत आणि बारीक दोऱ्यात नवशिक्याला नुसता गुंता दिसतो, त्यामुळे साहित्याची ही निवड मी कधीच बदलत नाही. शिकणाऱ्याला समोर न बसवता शेजारी बसवते, कारण समोर बसले की माझे हात त्याला आरशातल्यासारखे उलटे दिसतात. डावखुरा माणूस आला तर मात्र त्याला मुद्दाम समोरच बसवते; मग तेच आरशातले उलटे हात त्याच्यासाठी सुलटे होतात. साखळी घालताना जवळजवळ प्रत्येक जण टाका सुईच्या मानेवर, म्हणजे आकड्याच्या खालच्या अरुंद भागावर घट्ट आवळतो आणि पुढच्या वेळी आकडा त्यातून निघत नाही. अशा वेळी “सैल विणा” असे सांगून काही होत नाही, कारण नेमके काय सैल करायचे हे त्याला समजलेले नसते. “टाका सुईच्या जाड दांड्यावर येऊ द्या आणि मग आकडा बाहेर काढा” असे सांगितले की साखळी एकसारखी होऊ लागते, कारण टाक्याचे माप दांड्याच्या जाडीवरच ठरते. याच वेळी माणसाच्या खांद्यांतला ताण उतरलेला स्पष्ट दिसतो. तो बोलायचे थांबतो आणि स्वतःच्या हातांकडे पाहू लागतो. माझ्या मते तो माणूस त्या क्षणी छंदाकडे खऱ्या अर्थाने वळलेला असतो, आणि म्हणून त्या वेळी मी काहीही विकायचा प्रयत्न करीत नाही.

साखळीवर मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या साध्या आखूड टाक्यांच्या, दोन ओळी झाल्या की तो तुकडा मी उसवत नाही किंवा काढून घेत नाही. सुईसकट, गुंडीला जोडलेला असाच तो शिकणाऱ्याला देते. एवढी लोकर आणि सुई फुकट देणे परवडते का, असे मला नेहमी विचारले जाते. मी असे मानते की अर्धवट काम हातात घेऊन घरी गेलेला माणूस ते बहुधा पुढे नेतो, आणि माहितीपत्रक घेऊन गेलेला माणूस ते बाजूला ठेवतो. माहितीपत्रके आम्हीही छापतो, पण ती प्रामुख्याने दुसऱ्या दिवशी विसरलेली कृती आठवण्यासाठी असतात. त्यांवर चित्रे मोठी आणि मजकूर थोडा असतो.

सार्वजनिक ठिकाणी बसून नुसते विणत राहणे हाही प्रसाराचा एक परिणामकारक मार्ग आहे. २००५ साली सुरू झालेला जागतिक सार्वजनिक विणकाम दिन जून महिन्यातल्या एका शनिवारी अनेक देशांत साजरा होतो आणि त्यात भाषणे किंवा विक्री यांपेक्षा एकत्र बसून विणण्याला महत्त्व असते. आमच्या गटानेही हा मार्ग धरला आहे. काम करणाऱ्या माणसाशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली की कुणी ना कुणी तिच्यावर येऊन बसतेच. पुरुष बहुधा लांबून बराच वेळ पाहतात, मग यंत्रात रस असल्यासारखे सुईची रचना किंवा टाक्यांचे गणित विचारतात. त्यांना सजावटीबद्दल सांगण्यापेक्षा १० सेंटिमीटर चौरसात किती टाके आणि किती ओळी बसतात यावरून संपूर्ण वस्तूचे माप कसे काढतात, हे सांगितले की त्यांचा संकोच लगेच मोडतो.

आता शिक्षकांविषयी. शाळेत हातकाम असावे, हा विचार कोणाला नव्याने पटवून देण्याची गरज नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या बालोद्यानात कागदाच्या घड्या, कागदी विणकाम आणि शिवण यांना पहिल्यापासून जागा होती. उनो सिग्नेअस यांच्या पुढाकाराने फिनलंडच्या लोकशाळांमध्ये १८६६ साली हस्तकाम सक्तीचे झाले आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत तर हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीमची मांडणी झाली. मला या इतिहासात सर्वांत उपयोगी वाटते ते स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकापासून उभे केलेले काम. निरनिराळ्या देशांतील शिक्षक तिथे येऊन स्वतः लाकूडकाम शिकत असत. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे जायचे, प्रत्येक वस्तू उपयोगाची असायची आणि ती मुलाने स्वतःच पुरी करायची, ही त्या पद्धतीची सूत्रे होती. मुलांना शिकवण्याआधी शिक्षकाच्या हातून वस्तू पुरी झाली पाहिजे, हा धडा मी तिथूनच घेतला आहे. त्यामुळे मी वर्गात जाऊन मुलांसमोर प्रात्यक्षिक करीत नाही. शिक्षकांची कार्यशाळा घेते आणि तिच्यात प्रत्येक शिक्षकाने एक पुस्तकखूण संपवूनच उठायचे, असा नियम ठेवते.

शिक्षकांचे प्रश्न ग्राहकांच्या प्रश्नांपेक्षा अगदी वेगळे आणि बरेच अधिक नेमके असतात. एका कार्यशाळेत एक बाई पुस्तकखूण हातात धरून म्हणाल्या, “ताई, वस्तू छानच आहे; पण ३५ मिनिटांच्या तासात ४० मुलांच्या सुया ओवायच्या कोणी?” खरे तर वर्गातले हातकाम बंद पडते ते याच ठिकाणी. अर्धा तास सुया ओवण्यात जातो, उरलेला गाठी सोडवण्यात, आणि मुलांचा एकही टाका पडत नाही. यावर आम्ही त्या बाईंच्याच मदतीने व्यवस्था बसवली. जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी घेऊन तिच्यावर एका रांगेला पुरतील एवढ्या खाचा करायच्या. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर कापून आधीच ओवून ठेवायचा आणि सुई पट्टीत खोचून दोरा खाचेत अडकवायचा. तासाच्या सुरुवातीला रांगेतल्या पहिल्या मुलाकडे पट्टी द्यायची आणि शेवटी सगळ्या सुया त्याच खाचांत परत आल्याची खात्री करायची. सुई हरवली आहे की नाही हे एका नजरेत कळते, आणि मोठ्या वर्गात सुई देण्याची शिक्षकांना वाटणारी धास्ती यामुळे बऱ्याच प्रमाणात कमी होते.

साहित्याची निवडही शाळेसाठी वेगळी करावी लागते. घरगुती छंदासाठी फुली टाक्याचे १४ काउंटचे कापड, म्हणजे इंचाला १४ चौकटी असलेले, सर्वाधिक वापरले जाते आणि त्याला २४ क्रमांकाची बोथट टोकाची सुई चालते. लहान मुलांसाठी मी ११ काउंटचे कापड आणि २२ क्रमांकाची बोथट सुई सुचवते. भोके मोठी असल्याने मुलाला सुई कुठून काढायची हे दिसते आणि दोऱ्याचे तीन पदर घेतले तर चौकट नीट भरते. त्याहूनही लहान मुलांसाठी इंचाला ७ भोके असलेली प्लॅस्टिकची जाळी आणि लोकर उत्तम, कारण जाळी आवळली जात नाही आणि तिला फ्रेमही लागत नाही. रंग आणि गोंद वापरायचे असतील तेव्हा त्यांवरची सुरक्षिततेची खूण पाहायला मी शिक्षकांना सांगते. युरोपीय मानकाची ईएन ७१ ही नोंद किंवा अमेरिकेतील एसीएमआय संस्थेची एपी मुद्रा असेल, तर तो माल विषारी घटकांच्या दृष्टीने तपासलेला असतो.

मूल्यमापनाचा प्रश्न उरतोच. टापटिपीला सगळे गुण दिले, तर ज्या मुलांच्या घरी आधीपासून भरतकाम होते तीच पुढे राहतात. माझे म्हणणे असे असते की मुलाने चुकलेली चौकट स्वतः ओळखली का, ती उसवून पुन्हा भरली का आणि आलेखाच्या कागदावर स्वतःची एखादी नक्षी मांडली का, हे पाहावे. आलेखाच्या कागदावरची नक्षी हा गणिताच्या शिक्षकांना जवळ आणणारा दुवाही आहे. ३३ चौकटी रुंद नक्षी ११ काउंटच्या कापडावर किती इंच होईल, तीच १४ काउंटवर केली तर किती लहान होईल, सममितीचा अक्ष कुठून जातो, असे प्रश्न मुले स्वतःच्या कापडासाठी विचारतात, तेव्हा त्यांची उत्तरे काढण्यात त्यांना वेगळाच रस असतो. काही शाळांत भरतकामाला तास मिळाला नाही, पण गणिताच्या तासातून त्याला वाट मिळाली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

कार्यशाळा संपताना शिक्षक जी साहित्याची यादी करतात, तिची एक प्रत मी त्याच दिवशी त्या शाळेच्या जवळच्या दुकानदाराकडे पोहोचवते. वर्गात ११ काउंटचे कापड आणि २२ क्रमांकाची सुई वापरली जाणार असेल, तर सत्र सुरू होण्याआधी ती त्याच्या फळीवर असावी लागते. नाहीतर आईवडिलांना धारदार सुई आणि बारीक कापड दिले जाते आणि मूल दुसऱ्याच दिवशी कंटाळते. दुकानदाराच्या दृष्टीने ही यादी म्हणजे विकल्या जाणाऱ्या मालाची आगाऊ खबर असते, त्यामुळे सुरुवातीला जे दुकानदार फळी द्यायला तयार नव्हते, तेच आता सत्र सुरू होण्याच्या सुमारास यादीसाठी विचारणा करतात. त्यांच्याकडून मी बदल्यात एकच माहिती मागते: पहिला संच घेऊन गेलेल्यांपैकी कोण सुटा दोरा किंवा कापड घ्यायला परत आले आणि त्यांनी काय मागितले. संच किती खपले यापेक्षा ही नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि पुढच्या सत्राच्या नक्षी मी तिच्यावरूनच ठरवते. अलीकडे या नोंदींत जाड कापडाची आणि मोठ्या भोकांच्या सुयांची मागणी वयस्क ग्राहकांकडूनही येऊ लागली आहे, कारण बारीक चौकटी त्यांच्या डोळ्यांना झेपत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या आकड्यांचे तक्ते आणि शाळेचेच ११ काउंटचे कापड यांचा वेगळा संच सध्या आम्ही तयार करीत आहोत.